मोटारीतली उजवी जागा

इंग्लंडचा समुद्रकिनारा फार देखणा आहे, असं मला आजवर बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. त्यांतल्या निम्म्यांनी तो कॅलेंडरवर पाहिलेला असतो आणि उरलेल्यांनी सहलीच्या बसमधून, डुलक्या घेत. मी तो चौदाव्या वर्षी, आमच्या स्वतःच्या मोटारीतून पाहिला. आणि मला आठवतात त्या दुधाच्या लॉऱ्यांच्या मागच्या फळ्या, गवताने लादलेले ट्रेलर आणि एका हिरव्या बसचं ढुंगण. ही बस डोव्हर सोडल्यावर अर्धी सकाळ आमच्या पुढं डुलत होती. समुद्र डाव्या हाताला असायचा आणि माझं काम उजव्या हाताला. त्यामुळे त्या प्रसिद्ध पांढऱ्या कड्यांबद्दल कुणी डोळे मिटून बोलायला लागलं की मी गप्प बसते. काम सोडून कड्यांकडे बघत बसले असते, तर हे लिहायला उरले नसते.

आम्ही तेव्हा जर्मनीत, र्युसेल्सहाइमला राहत होतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या मोटारींच्या कारखान्यात टर्नर होते. सांगलीकडच्या एका ऑइल इंजिनच्या कारखान्यानं त्यांना दीड वर्ष काम शिकायला धाडलं होतं. इथल्या फोरमननं त्यांचा हात पाहिला आणि राहता का म्हणून विचारलं. वर्षभरानं आई आणि मी बोटीनं आलो. आण्णांचं शिक्षण मराठी चौथी, आईचं दुसरी, आणि माझं काय होणार हा प्रश्न. लेथवरून उतरलेला तुकडा आण्णा मायक्रोमीटरमध्ये धरत आणि आकडा वाचेपर्यंत तोंड उघडत नसत. कुणी नजरेनंच 'बरोबर आहे' म्हणालं की त्या माणसाशी त्यांचं त्या दिवशी पटत नसे. "बघितल्याबिगर बरोबर म्हणायचं न्हाई," हे त्यांचं एकुलतं एक तत्त्वज्ञान. घरातही तेच. आईनं भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारलं, तर घास घेऊन, चावून, गिळून, मग मान हलायची.

आमच्या दोन खोल्या उतरत्या छपराखाली होत्या आणि घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की शेकडो सायकलींच्या साखळ्यांची किरकिर खिडकीखालून वाहायची, आणि दुपारी तीच उलट दिशेनं. या दोन आवाजांच्या मध्ये आईचा स्वयंपाक. लसणाची फोडणी पडली की मालकीणबाई झाडूच्या दांड्यानं खालून छत ठोकत. पहिल्या ठोक्याला आई झाकण ठेवी, दुसऱ्याला खिडकी उघडी, आणि तिसरा ठोका पडला की "तिच्या उकडलेल्या कोबीला मी काय म्हणते का?" असं मराठीतून जमिनीला विचारी. ज्वारी मिळत नसे. आईनं राईचं, म्हणजे मोहरीचं नव्हे, तिथल्या गव्हासारख्या एका धान्याचं पीठ शोधून काढलं होतं. त्याची भाकरी नाचणीसारखी काळपट होई आणि मळताना हाताला चिकटे, पण तव्यावर फुगे. गावाकडून पार्सलानं आलेली चटणी पत्र्याच्या डब्यात कुलपात असायची, कारण रविवारी हायडेलबर्गहून विद्वान येत.

हे विद्वान म्हणजे पुण्याचे दोन-तीन संशोधक. विद्यापीठात डॉक्टरेट करत, आणि पिठलं-भाकरीचा वास त्यांना दोन गावं ओलांडून बरोबर लागे. जेवताना ते आण्णांची भाषा सुधारत. 'न्हाई' नव्हे, 'नाही'. आण्णा हसून म्हणत, बरं, नाही. मग ते चौथी भाकरी मागत. मला त्यांचा तेव्हाही संताप यायचा आणि आता, स्वतः त्याच विद्यापीठातून पदवी घेऊन, त्याच गावात पंचवीस वर्षं गणित शिकवून झाल्यावर, जास्त येतो. मला कळून चुकलंय की ज्या विषयावर ते आमच्या चटईवर बसून बोलत, त्यातलं अर्धं त्यांनाही कळत नव्हतं. भाकरी मात्र त्यांना पूर्ण कळत होती.

माझ्या बाबतीत घोटाळा असा झाला होता, की मी इथं आले तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. कॉलेजच्या वाटेवरच्या शाळेत मुलं त्याच वयात निवडली जातात. मी साहजिकच साध्या शाळेत गेले, आणि ती शाळा चौदाव्या वर्षी संपते. निकालाच्या दिवशी बाईंनी आण्णांना समोर बसवलं, "आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणून सुरुवात केली, आणि सांगितलं की मुलगी हुशार आहे, तेव्हा ती शिवणकाम किंवा दुकानातलं काम लवकर शिकेल. हुशार मुलीला शिलाई मशीन, हा तर्क मला आजही सोडवता आलेला नाही. आण्णांनी मला दुभाष्याच्या कामाला लावलं. 'आणि कॉलेज?' असं मी माझंच भविष्य त्या बाईंना विचारलं. बाई आमच्याकडे, कुणी चंद्रावर जायचं तिकीट मागावं तशा बघत राहिल्या.

तेव्हा आईनं मामाचं नाव काढलं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आजोळी त्याला सगळे बॅरिस्टर म्हणत, कारण तो बॅरिस्टर व्हायला इंग्लंडला गेला होता. झाला की नाही, हे विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती. जाण्याचीच पदवी मिळते. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका गावात राहायचा. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांनी आमचं काही वाकडं केलेलं नाही. मामा वर्षातून एकदा निळ्या कागदावर पत्र लिही आणि त्यात हवा, राणी आणि स्वतःची प्रकृती यांचं वर्णन असे. आईनं माझ्याकडून त्याला लिहून घेतलं. उत्तर पंधरा दिवसांत आलं, आणि ते प्रेमानं ओथंबलं होतं. कुसुमला माझ्याकडे पाठवा. इथं मुलींची उत्तम शाळा आहे, बोलणं केलं आहे, पुढं कॉलेज. माझं घर मोठं आहे. तुम्हीच तिला आणून सोडा, त्या निमित्तानं शंकररावांनाही इंग्लंड दिसेल.

शंकरराव म्हणजे आण्णा. त्यांना इंग्लंड बघायचं नव्हतं. त्यांना माझं कॉलेज बघायचं होतं. त्यांनी हे पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं, 'बोलणं केलं आहे' या शब्दांशी प्रत्येक वेळी थांबले, आणि सुट्टी टाकली. मोटार आधीच होती. जुनी, राखाडी, आण्णांनी खोलून नटापासून जोडलेली. माझी एक पत्र्याची पेटी मागे गेली. मला काय वाटत होतं हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कॉलेज हवं होतं. आई-आण्णांना सोडून राहायचं नव्हतं. दोन्ही एकदम बोलायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. आईनं राईच्या पिठाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, 'मामाकडे सुख आहे बाई' असं सरहद्दीवरच्या आखन गावापर्यंत दहादा म्हणाली, आणि बेल्जियममध्ये झोपून गेली.

खरी अडचण बोटीवरून डोव्हरला उतरल्यावर कळली. जर्मनीतल्या मोटारीत चालवणारा डावीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडून जाते. इंग्लंडात गाड्या डावीकडून जातात. म्हणजे आण्णा आता रस्त्याच्या कडेला, कुंपणाला खेटून बसले होते. पुढं लॉरी आली की तिला ओलांडायला उजवीकडे सरकायचं, आणि समोरून काय येतंय हे फक्त उजवीकडे बसलेल्या माणसाला दिसणार. तिथं आई बसली होती. आण्णांनी विचारलं, मोकळं आहे का? आईनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि पदर तोंडाला लावला. तिसऱ्या लॉरीला आण्णांनी गाडी गवतात घेतली, आईला मागं पाठवलं आणि मला पुढं बोलावलं.

त्यांनी मला कामगाराला शिकवावं तसं शिकवलं. येत असेल तर 'येतंय' म्हणायचं. मोकळं असेल तर 'चला'. वळण असेल, चढ असेल, दिसत नसेल, तर 'दिसत नाही'. अंदाज सांगायचा नाही. "तुझ्या शब्दावर आपण तिघं चाललोय," एवढंच म्हणाले. त्यात धाक नव्हता, माहिती होती. मग त्या हिरव्या बसच्या मागं मी दर दोन मिनिटांनी 'दिसत नाही, दिसत नाही, येतंय' करत बसले. रस्ते कसले, दोन उंच झुडपांच्या भिंतींमधल्या बोळी. शेवटी एका सरळ पट्ट्यावर मी 'चला' म्हणाले. आण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी काढली. बस मागं पडली तेव्हा मला पदवी मिळाल्यासारखं झालं, आणि पुढं खरी मिळाली तेव्हा इतकं झालं नाही.

दुपारी समुद्राकाठी दशम्या सोडल्या. ज्याला तिथले लोक बीच म्हणतात तो गोट्यांचा ढीग होता. आण्णांनी एक गोटा उचलून निरखला आणि म्हणाले, रस्त्यावर टाकायची खडी यांनी किनाऱ्यावर टाकलीय. ऐन उन्हाळ्यात लोक रेनकोट घालून आपापल्या बंद मोटारींत बसले होते आणि काचेतून समुद्राकडे बघत, थर्मासमधला चहा पीत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सासरकडून येऊन पडलेल्या पाहुण्यासारखा तो समुद्र ते सहन करत होते. ज्यांनी आमच्यावर दीडशे वर्षं राज्य केलं ती हीच माणसं, हे मला पटेना. आई म्हणाली, दादा मोठ्या लोकांत राहतो, हे साधे असतील.

मामाचं घर खरंच मोठं होतं. तीन मजले, आणि दारावर पाटी. घर भरलेलं होतं, कारण ते उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देण्याचं घर होतं. हे पत्रात कधी आलं नव्हतं. मामा दारात आला तो सुटाबुटात, टायपिनसकट, आणि पहिलं वाक्य असं की पाहुण्यांच्या जेवणाची वेळ आहे, मागच्या दारानं या. मग आईच्या डोक्यावर हात ठेवला. आण्णांना म्हणाला, "गाडी बाकी चांगली ठेवलीय हो शंकरराव, ड्रायव्हिंग छान जमतं तुम्हाला." आमच्याकडे जावई म्हणजे पाट, रांगोळी, ताटाभोवती उदबत्ती. आण्णांना स्वयंपाकघरात बटाट्याच्या पोत्याशेजारी खुर्ची मिळाली. मराठी हळू बोला, असंही मामानं सांगितलं. पाहुण्यांना आपण कुठले हे कळलं तर ते गोंधळतात. त्याचा चेहरा बघून त्यांना तो नॉर्वेचा वाटत असेल, अशी त्याची समजूत असावी.

मामी बारीक आवाजाची, पुण्याची. मी आजवर पाहिलेल्या माणसांत इतकी दमलेली बाई दुसरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बारा माणसांची अंडी आणि डुकराचे काप तळले. स्वतः तिचा उपास होता. नाक वळवून तळत होती. मग मला म्हणाली, चल, तुझी खोली दाखवते. मागच्या अंगणाला लागून चादरी-उशांची खोली होती. मांडणीवर छतापर्यंत घड्या, कोपऱ्यात धुण्याचं मोठं तांब्याचं भांडं, आणि भिंतीला लावून एक खाट. "मागची मुलगी काम सोडून गेली," मामी म्हणाली. "तेव्हापासून मीच करते." सोड्यानं तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. ती तक्रार करत नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तिला फक्त इतकं कळत होतं की मला आधी बघू द्यावं. मी विचारलं, शाळा किती वाजता सुटते? मामी उशीचा अभ्रा चढवत राहिली. म्हणाली, "ते त्यांना विचार बाई. मला काही सांगत नाहीत."

मी आईला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, इथं शाळा नाही, चादरी धुवायच्या आहेत. चिडले की माझी जर्मन सुरू व्हायची, तशी झाली. आईनं माझा दंड धरला. मराठीत बोल, आणि हळू. दादा असं करणार नाही. मामीला कामाची सवय नाही म्हणून ती तसं बोलते. मी म्हणाले, मी आण्णांना सांगते. तर म्हणाली, सांगू नकोस, तुझे आण्णा एकदा उठले की उठले, मग मला या जगात भाऊ राहणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही अभिमान नाही.

त्याच दिवशी जेवणानंतर मामा म्हणाला, चला, तुम्हाला शाळा दाखवतो, किनाऱ्यानं वीसेक मैल आहे, रस्ता जगात नंबर एक. मी सवयीनं उजव्या दाराशी गेले. मामा तिथं आधीच उभा होता. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे. घरातला वडीलधारा माणूस पुढं बसणार, पोरगी मागं, हे आमच्या रक्तातच. त्या जागेचं काम काय, हे आण्णांना माझ्याइतकंच माहीत होतं. पण बायकोच्या थोरल्या भावाला 'तुम्ही मागं बसा' कसं म्हणायचं? असली चूक आपलीच माणसं करू जाणोत. डोळ्यांची जागा आपण मानाला देतो. आण्णांनी त्याला सगळं समजावलं. येतंय, चला, दिसत नाही. मामा हसला. "अहो, बारा वर्षं झाली मला या देशात," म्हणाला, आणि हॅट घालून बसला. बारा वर्षांत त्यानं मोटारीचं चाक कधी हातात धरलं नव्हतं, हे मामीनं मला सकाळीच सांगितलं होतं. चष्मा त्याच्या खिशात होता. त्यानं तो पेपर वाचायलाच काढलेला मी पाहिला होता, आणि तोही दार लावून.

रस्ता कड्याच्या अंगानं वर चढत होता. डावीकडे झुडपांची भिंत आणि तिच्यापलीकडे खाली समुद्र, उजवीकडे मेंढ्या. मामा समुद्राकडे बोट दाखवत शाळेबद्दल बोलत होता. तिथं मुली घोड्यावर बसायला शिकतात. तिथल्या मुख्याध्यापिका त्याच्या परिचयाच्या. पुढं ट्रॅक्टर होता, मागं गवताचा ट्रेलर. आण्णांनी विचारलं, दादासाहेब, मोकळं आहे का? मामानं बोलता बोलता हात उडवला, चला, चला. पहिल्यांदा रस्ता मोकळा निघाला. थोड्या वेळानं दुसऱ्यांदाही. नशिबाला आपण अनुभव म्हणतो तो असा. मला मागून त्याच्या हॅटपलीकडे काही दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा चढ होता. मी तोंड उघडलं, 'दिसत नाही' म्हणायला, तेवढ्यात मामा म्हणाला, "चला हो, किती घाबरता."

आण्णांनी गाडी काढली आणि चढावरून लाल बस आली. त्यानंतरचं मला आवाजांत आठवतं. आईचा, ब्रेकचा, आणि शेवटी झुडपाच्या फांद्यांचा, पत्र्यावरून नखं ओढल्यासारखा. आण्णांनी ट्रेलरच्या मागं, डावीकडे, गाडी त्या हिरव्या भिंतीत घातली होती. इंजिन बंद पडलं. आईच्या मांडीवर उघड्या काचेतून आत आलेली काटेरी फांदी पडली होती आणि तिला लगडलेल्या बोरांसारख्या कच्च्या फळांकडे ती बघत होती. पलीकडे कुठल्यातरी मेंढीनं एकदा आवाज दिला. बसचा माणूस उतरून आला. भला माणूस, पांढरा पडला होता, कुणाला लागलं का विचारत होता. मामा उतरला, हॅट सरळ केली आणि त्याला इंग्रजीत समजावू लागला. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. पण 'माझा ड्रायव्हर' आणि 'जर्मनी' हे शब्द कळायला इंग्रजी लागत नव्हतं. ते आण्णांनाही कळले.

आण्णा खाली उतरले. गाडीभोवती फिरले. एकेका चाकाशी वाकून हात फिरवला, टायरमध्ये घुसलेला काटा काढला, चाक हलवून बघितलं. दहा मिनिटं गेली असतील. बस निघून गेली. मामा आत येऊन त्याच जागेवर बसला होता आणि म्हणत होता की इथले बसवाले माजलेत. आण्णा आपल्या जागेवर बसले, पण किल्ली फिरवली नाही.

"दादासाहेब, बस दिसली न्हाई?"

"अहो, मी तिकडे बघत होतो का? तुम्हाला शाळेचं सांगत होतो ना."

"मग चला कसं म्हणालात?"

"मोकळाच असतो हा रस्ता." मामा हसला. "झालं ना आता? कुणाला काही झालं नाही. चला."

आण्णांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. मला वाटलं ते ओरडणार. ते आयुष्यात ओरडले नाहीत, पण मला तेव्हा वाटलं. त्यांचा आवाज उलट खाली गेला, लेथवर तुकडा मोजताना जायचा तसा. "शाळेत बोलणं केलंय म्हणून लिहिलं होतं. त्या बाईंना भेटलाय तुम्ही?"

"भेटायचं काय त्यात? मी शब्द टाकला की झालं."

"टाकला का?"

"टाकू हो. ती आधी इथं येऊन राहू दे, घरात रुळू दे. एखादं वर्ष मामीच्या हाताखाली—"

"म्हंजे तेही बघितलं न्हाई," आण्णा म्हणाले.

मग मागं न वळता म्हणाले, "कुसुम, पुढं ये."

मामाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हणाला, मी मागं बसू? माझ्या घरी आलेल्या माणसानं मला मागं बसवायचं? इंदू, ऐकतेस का? इंदू म्हणजे माझी आई. ती इतका वेळ मांडीवरच्या फांदीचे काटे मोडत बसली होती. तिनं फांदी खिडकीतून बाहेर टाकली, पदर आवरून एका बाजूला सरकली, आणि आपल्या शेजारच्या जागेवर हात ठेवला. "दादा, या इकडं," ती म्हणाली. "माझ्याजवळ बसा."

एवढंच म्हणाली. माहेर संपायला एवढंही पुरतं. मामा उतरला, मी उतरले, त्या अरुंद रस्त्यावर आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो. आण्णांनी गाडी वळवली. शाळा राहिली. पुढं पुष्कळ वर्षांनी मी मुद्दाम जाऊन पाहिली. होती. घोडेही होते. मामा सगळंच खोटं बोलत नव्हता, न बघता बोलत होता. माझ्या मते खोटं बोलणारा परवडला, त्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. भावाच्या घरून बहीण निघाली की ओटी भरतात. मामा खाली आला नाही, त्याला पाहुण्यांची बिलं करायची होती म्हणे. मामीनं मागच्या दाराशी आईची ओटी भरली. नारळ नव्हता, म्हणून तांदळावर एक सफरचंद ठेवलं. माझ्या हाताला धरून म्हणाली, बरं झालं, आणि लगेच इकडे तिकडे बघितलं. तिच्या त्या 'बरं झालं'मध्ये अजून कितीतरी उन्हाळे चादरी धुणं होतं, आणि ते तिला माहीत होतं. मामानं मग आजोळच्या सगळ्यांना निळ्या कागदांवर कळवलं, की टर्नरला मोटार चालवता येत नाही, आणि मुलगी हट्टी आहे. दुसरा भाग बरोबर होता. त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रं आली तेव्हा कळलं की तो बॅरिस्टरीच्या एकाही परीक्षेला बसला नव्हता. त्या दोन घरांत पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. हे लिहिताना मी नम्र व्हावं अशी अपेक्षा असेल तर माफ करा.

आईनं भावाचं नाव पुन्हा काढलं नाही. एकदाच, फार म्हातारी झाल्यावर, पीठ मळता मळता म्हणाली, त्या दिवशी मागं बसला ना दादा, त्याचा हात थरथरत होता, घरापर्यंत मी धरून ठेवला होता. मला मामाचा राग येतो तो तसाच आहे, पण त्यात तेव्हापासून एक हात आहे आणि तो काढता येत नाही.

मी र्युसेल्सहाइमला परत आले ती कारखान्यातच यंत्रांचे नकाशे काढायचं काम शिकायला लागले. शिवणकाम नाही, दुकान नाही, तेवढं मी अडून बसले. दिवसा ड्रॉइंगबोर्ड, संध्याकाळी फ्रांकफुर्टला कामगारांची शाळा, आणि मग हायडेलबर्ग. वाट लांबली. त्यावर मला सोबत कुणी नव्हतं आणि कुणी शब्दही टाकला नाही. पण त्याबद्दल इथं नको, तो प्रवास आगगाडीचा आहे.

डोव्हरपर्यंतच्या परतीच्या वाटेत आई मागं सफरचंद हातात धरून बसली होती. मी बोलत होते, येतंय, दिसत नाही, चला. माझी पेटी मागं खडखडत होती. बोटीनं पलीकडे उतरलो आणि बेल्जियम लागलं. तिथं गाड्या उजवीकडून. आण्णा आता रस्त्याच्या मधल्या अंगाला आले, समोरचं सगळं त्यांना स्वतःला स्वच्छ दिसत होतं. माझं काम संपलं होतं. मी मागं जाऊन झोपू का, असं विचारणार होते. पुढं गवताची गाडी लागली. आण्णांनी वेग कमी केला, मान जराही न हलवता म्हणाले, "काय गं, मोकळं आहे का?"

त्यांना दिसत होतं. मला ठाऊक होतं की त्यांना दिसतंय. तरी मी पुढं वाकले, काचेला नाक लावून लांबपर्यंत नीट बघितलं, आणि मग सांगितलं, "चला."